अप्पारावांचा मोडीतला कागद

माणूस मेल्यावर त्याच्या घराचं, शेताचं, बायकोचं काय व्हावं ते त्याच्या जिवंतपणी लिहून घेणं, हा आमच्या अण्णांचा धंदा. अण्णा म्हणजे माझे वडील, नरहरराव वकील. हैदराबादेत कोठी नावाच्या वस्तीच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि पुढच्या खोलीत त्यांची कचेरी. खून, मारामारी असला एकही खटला त्यांनी जन्मात घेतला नाही. मृत्युपत्रं, वाटण्या, दत्तकाचे कागद, एवढंच. बाररूममधले लोक त्यांची टिंगल करायचे, की नरहररावांच्या अशिलांना कसली घाईच नसते. करेनात का. त्या टिंगल करणाऱ्यांपैकी चौघांचे कागद आमच्याच पेटीत होते, हे त्यांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. मला होतं. मी लीला, त्यांची धाकटी, आणि त्या घरात कान उघडे ठेवून वावरणारी मी एकटीच.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली. निजामाच्या राज्यात कोर्टाची भाषा उर्दू, आणि अशील बहुतेक मराठी शेतकरी घरांतले, गावाकडे जमीन असलेले, शहरात बिऱ्हाड केलेले. त्यांना उर्दू वाचता यायची नाही. म्हणून अण्णा आधी मराठीत बोलून सगळं समजून घ्यायचे, मग मुन्शी गफूरमियाँ वळणदार उर्दूत वसीयतनामा लिहायचे, मग अण्णा त्यातली ओळ न् ओळ मराठीत सांगायचे आणि मगच सही. कागद लिफाफ्यात, लिफाफ्यावर लाख, आणि लिफाफा लोखंडी पेटीत. अशिलाच्या हातात चिटोरंसुद्धा द्यायचे नाहीत. घरात कागद असला की घरचेच तो शोधत बसतात, म्हणायचे. माणूस गेला की चौदाव्या दिवशी अण्णा स्वतः त्याच्या घरी जायचे आणि सगळ्यांदेखत लाख फोडायचे. सरकारी कचेरीत नोंदवायला लोक नाखूश असायचे, तिथले कारकून गावभर बोलतात म्हणून. अण्णांच्या पेटीवर त्यांचा भरवसा. पेटीची किल्ली आमच्या देवघरात देवीच्या चांदीच्या टाकाखाली असायची, आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती.

अठ्ठेचाळीस सालचा श्रावण. हैदराबादेत त्या वर्षी सण कुणी केले असतील तर मला माहीत नाही. रझाकार गल्लीबोळांतून कवायत करत फिरायचे, निम्मी कोठी कुलपं लावून निजामाच्या हद्दीबाहेर, सोलापूरला नाहीतर बेजवाड्याला निघून गेली होती. आम्ही गेलो नाही, कारण अण्णांची पेटी. अडतीस घरांचे कागद टाकून कुठं जाऊ, आणि घेऊन गेलो तर स्टेशनावर पेटी उघडतील, असं त्यांचं. आई त्यांच्याशी यावरून भांडायची, मग रडायची, मग पोळ्या लाटायला बसायची.

आणि आमच्या घरात भीतीचं आणखी एक कारण होतं. माझा मोठा भाऊ बाळकृष्ण सरहद्दीवरच्या काँग्रेसच्या कॅम्पात पळून गेला होता. शेजाऱ्यांनी विचारलं तर पुण्याला शिकतो म्हणून सांगायचं. तो महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी हाती चिठ्ठी पाठवायचा, आणि ती मोडीत लिहिलेली असायची. मोडी त्याला अण्णांनीच शिकवली होती. इकडं ती वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, म्हणून कॅम्पातल्या लोकांनी ती निवडली असणार. मला उर्दू यायची, शाळाच ती. घरी शिकल्यामुळं बाळबोध मराठी यायची. मोडीचं अक्षर मात्र मला लागत नव्हतं. चिठ्ठी आली की अण्णा आईला हळू आवाजात वाचून दाखवायचे, आणि आई ती लगेच बंबात टाकायची. मागच्या पडवीत आमचा तांब्याचा बंब होता, सकाळी तो पेटवणं माझं काम. आईनं मला बजावून ठेवलं होतं, मोडीतलं काही दिसलं की विचारत बसू नक्को, सरळ बंबात घाल. एवढं एक वाक्य मी चांगलं लक्षात ठेवलं.

त्याच श्रावणात अप्पाराव आले. मलकपेठेत रेसकोर्सच्या पलीकडं त्यांचं घर होतं, स्वतःच्या कमाईनं बांधलेलं, मागं सीताफळाची बाग. उंचापुरा, मोठ्यानं बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र हळू बोलत होते.

"वकीलसाब, मला काही झालं तर सत्यवतीला माझा भाऊ त्या घरात चार दिवस राहू द्यायचा नाही," ते म्हणाले. "मूलबाळ नाही. गावाकडं नेऊन चुलीपुढं बसवील. घर तिच्या नावानं करा."

भाऊ म्हणजे प्रतापराव. घर एकत्र कुटुंबाच्या पैशाचं आहे असं तो आत्तापासूनच लोकांना सांगत होता. कागद नसता तर कायद्यानं सत्यवतीबाईंच्या हाती दोन वेळचं जेवण आलं असतं, घर नाही.

अप्पारावांनी एक हट्ट धरला. कागद उर्दूत नको. आपल्याला वाचता येईल अशा अक्षरात हवा, आणि त्यांना वाचता यायची ती फक्त मोडी. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, भाषेचीही सक्ती नाही. अण्णांनी साध्या कागदावर स्वतःच्या हातानं मोडीत लिहून दिलं. अप्पारावांनी बोट ठेवून ठेवून वाचलं आणि सही केली. साक्षीदार दोन, गफूरमियाँ आणि शेजारचे हणमंतराव मास्तर. दोघांनाही मोडी येत नव्हती, त्यांनी फक्त सही होताना पाहिली. लिफाफ्याला लावायला लाख नव्हती. त्या दिवसांत मीठ मिळायची मारामार, लाख कुठली. उद्या बेगमबाजारातून आणू म्हणून अण्णांनी कागद चौपदरी घडी घालून मेजावर, दौतीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळीला गेले होते. गल्लीच्या तोंडाशी बुटांचा आवाज आला. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. रझाकार होते, आठदहा, आणि ते हणमंतराव मास्तरांच्या घरात शिरत होते. मास्तरांची पुस्तकं बाहेर येऊन पडायला लागली. आईची पाचावर धारण बसली. "मेज बघ, मेज," एवढंच ती म्हणाली आणि स्वतः देवघरात पळाली. मी कचेरीत गेले. मेजावर दौत, टाक, उर्दू कागदांचा गठ्ठा, आणि दौतीखाली एक मोडीतला कागद. मला वाटलं बाळूची चिठ्ठी. आणखी काय वाटणार?

मी तो बंबात घातला. वरून दोन गोवऱ्या घातल्या. तेवढ्यात अण्णांनी आतून आणखी पाणी मागितलं, तर मी बंबाची तोटी सोडून बादली भरली आणि दाराशी नेऊन ठेवली. त्या पाण्यानं त्यांनी आंघोळ केली. आज सत्तराच्या वर वर्षं झाली, मला अजून बंबाच्या धुराचा वास सहन होत नाही.

रझाकार आमच्या घरात आलेच नाहीत. मास्तरांना दोन थपडा मारून, त्यांचा रेडिओ उचलून निघून गेले.

दिवेलागणीला अण्णांनी मेज बघितलं. "आवरलं कुणी?"

"लीलानं," आई म्हणाली.

"अप्पारावांचा कागद होता गं इथं, मोडीतला. लीला, पेटीत ठेवलास ना?"

त्या क्षणी मला सगळं कळलं, कुणाचा कागद, कशाचा कागद, सगळं. चौदा वर्षांची घोडी मी, काही लहान नव्हते. आणि मी म्हणाले, "हौ, ठेवला."

अण्णा बरं म्हणाले, लाख मिळाली की लावू म्हणाले, आणि जेवायला बसले.

मला कशाची भीती वाटली? अण्णांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. पण त्या वर्षी भीती घरातल्या हवेतच होती. जोरात बोलायची भीती, दार वाजलं की भीती, खरं सांगायची तर फारच. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. मग सप्टेंबरात हिंदुस्थानचं सैन्य आलं, पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं, आणि मला वाटलं आता सगळंच नवीन झालं, जुनं कुणी विचारणार नाही. काय अक्कल! भीती गेली नाही, तिनं नुसती घरं बदलली. आता गफूरमियाँ दाराला कडी लावून बसायला लागले. एक दिवस ते अण्णांना मिठी मारून रडले आणि बायकामुलांना घेऊन कराचीला निघून गेले. दोनपैकी एक साक्षीदार असा गेला.

दसऱ्याच्या आसपास अप्पाराव आले. बागेतली सीताफळं घेऊन आले होते, टोपलीभर. पुन्हा पूर्वीसारखे मोठ्यानं बोलत होते. "आता कशाची परेशानी नाही वकीलसाब. राज्य आपलं, कागद तुमच्याकडं."

मी पाणी घेऊन गेले. तबकावर ठेवलेला पेला माझ्या हातात वाजायला लागला. अप्पाराव हसले. "पोरीला थंडी वाजतीया काय?" अण्णांनी मान वर करून बघितलं. मी आत पळाले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. आत्ता जाऊन सांगितलं असतं तर त्या माणसानं तिथंच बसून दुसरा कागद करून दिला असता. अर्ध्या तासाचं काम. मी तिथंच उभी राहिले. चपला घालून ते निघून गेलेलं मी ऐकलं.

पुढं तेरा दिवसांनी अप्पाराव वारले. ताप आला, तीन दिवसांत गेले.

चौदाव्याला जायचं म्हणून अण्णांनी सकाळी पेटी उघडली. सगळे लिफाफे बाहेर काढले, परत ठेवले, परत काढले. मी दाराशी होते. मी बोलले, सगळं बोलले, बंब, हौ, सगळं. अण्णा पेटीपुढं मांडी घालून बसले होते, तसेच बसून राहिले. माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आईला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागितलं आणि डोक्याला पागोटं गुंडाळून मलकपेठेला निघून गेले.

तिथं काय झालं ते अण्णांबरोबर परत आलेल्या हणमंतराव मास्तरांनी सांगितलं. अण्णांनी भावकीसमोर कागद हरवला म्हणून सांगितलं. प्रतापरावांनी हातावर हात मारला आणि सत्यवतीबाईंना सामान आवरायला सांगितलं. सगळे उठल्यावर त्या अण्णांजवळ आल्या आणि विचारलं, "वकीलसाब, मग मी आता कुठं जाऊ?" अण्णांनी त्यांना सांगितलं, घराबाहेर पाऊल टाकू नका, कुणी बाहेर काढायला आलं तर मला बोलवा.

मास्तर पुढं हळूच म्हणाले, "नरहरराव, अक्षर तुमचंच होतं. पुन्हा लिहा. मी पुन्हा सही करतो. अप्पारावाची सही म्हणजे चार अक्षरं, तुमच्या डोळ्यांसमोरची. लिहिलंय तेच लिहायचं, यात खोटं काय?"

मास्तर गेल्यावर अण्णा कागद घेऊन बसले. दुपारभर बसले. मी पडद्याआडून बघत होते आणि देवाला म्हणत होते लिहू दे, लिहू दे. त्यांनी एकदा टाक दौतीत बुडवला. शाईचा थेंब कागदावर पडला, तो टिपला, दुसरा कागद घेतला. चार वाजता उठले आणि दोन्ही कागद फाडून टाकले. मला म्हणाले, "घाबरलो गं." मग म्हणाले, "कोर्टात जाऊन सांगू."

मला वाटलं आता मला कोर्टात उभं करणार. प्रतापरावांनी दावा लावला, तो उभा राहायला दीड वर्ष गेलं, आणि त्या दीड वर्षात मी रोज मनातल्या मनात साक्ष देत होते. जेवण जायचं नाही. कुणी काळा कोट घातलेला दिसला की मी रस्ता बदलायची. तारखेच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला बोलावलं.

"तू नुसती माझ्याबरोबर येऊन बसायचं. बोलायचं काही नाही."

"मग कागद कुणी जाळला म्हणून सांगणार?"

"ते मी बघतो," ते म्हणाले.

पन्नास साल. कोर्टावर झेंडा नवा, भाषा जुनीच, उर्दू. सत्यवतीबाई पदर पुढं ओढून बाकावर बसल्या होत्या. निकाल विरुद्ध गेला तर त्याच आठवड्यात घर सोडायचं होतं. मागच्या बाकांवर अण्णांचे अशील येऊन बसले होते, एकनाथराव, भगवंतराव, आणखी कितीतरी. ते कशाला आले होते ते मला कळत होतं. आपला कागद ज्याच्या पेटीत आहे त्या माणसाकडून कागद जातो कसा, ते त्यांना ऐकायचं होतं.

हणमंतराव मास्तरांनी सही आपल्यासमोर झाली म्हणून सांगितलं. मग अण्णा उभे राहिले. शपथ घेतली. कागदात काय होतं ते शब्दन् शब्द सांगितलं. समोरच्या वकिलानं विचारलं, कागद कुठं आहे?

"जला दिया," अण्णा म्हणाले. "मैंने जलाया."

मागं कुजबूज झाली. का जाळला? झडती चालली होती, मुलगा काँग्रेसमध्ये होता, मोडीतला कागद म्हणजे त्याची चिठ्ठी वाटली. स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद ओळखला नाहीत? उघडून बघितला नाही, भीतीनं. तो वकील हसला. मग त्यानं चष्मा काढला आणि सावकाश विचारलं की अप्पाराव त्यानंतर दोन महिने हयात होते, तुमच्या घरी आले होते, पाणी प्याले होते. कागद खरोखर होता आणि जळाला होता, तर तुम्ही त्यांना सांगून दुसरा का नाही करून घेतलात?

हा प्रश्न मी दीड वर्ष स्वतःला विचारत होते.

सत्यवतीबाईंनी पदर थोडा मागं केला आणि अण्णांकडं बघितलं. जज्जसाहेबांनी प्रश्न परत वाचून दाखवायला सांगितला.

"डर गया था, साहब," अण्णा म्हणाले. "कहने में डर लगा. बस इतना ही."

निकाल सत्यवतीबाईंच्या बाजूनं लागला. जज्जांनी लिहिलं होतं की कागद सांभाळणं हाच ज्याचा धंदा, तो माणूस स्वतःची अशी नामुष्की खोटी सांगणार नाही. घर त्यांचं राहिलं. त्या शेवटपर्यंत तिथंच राहिल्या.

अण्णांचा धंदा मात्र त्या आठवड्यात बसला. एकनाथराव सगळ्यात आधी आले, फार आदरानं बोलले, आणि आपला लिफाफा घेऊन गेले. मग रांगच लागली. पेटीतले सगळे लिफाफे चार दिवसांत गेले. पुढं हिंदुस्थानचा इन्कमटॅक्स इकडं लागू झाला तेव्हा अण्णा लोकांची टॅक्सची विवरणं भरायला लागले, त्रेपन्न साली मेलेल्याच्या इस्टेटीवरचा कर आला तेव्हा तेही काम केलं, आणि त्यावर आमचं घर चाललं. मृत्युपत्र लिहून द्यायचे, पण ठेवून घ्यायचे नाहीत. रजिस्ट्रार कचेरीत जा म्हणायचे. पेटीत आई तांदूळ ठेवायला लागली.

पण मला सांगायचंय ते निकालाआधीचं, साक्षीच्या दिवसाचं. कोर्टातून आम्ही टांग्यानं परत निघालो होतो. मुसी नदीच्या पुलावर आलो आणि मला राहवलं नाही. मी रडायला लागले.

"अण्णा, माझ्यापायी तुम्ही शपथेवर खोटं बोललात. जाळला मी. सांगायची भीती वाटली ती मला. सगळं माझं तुम्ही आपल्या अंगावर घेतलंत."

"जाळला मी म्हणालो, ते खोटं," अण्णा म्हणाले.

ते माझ्याकडं बघत नव्हते. टांगेवाल्याच्या पाठीकडं बघत होते.

"अप्पाराव सीताफळं घेऊन आले होते, आठवतं? तुझ्या हातातला पेला वाजत होता. मला तेव्हाच कळलं, लीला. ते गेल्यावर मी देवघरात गेलो. किल्ली हातात घेतली. पेटी उघडायची आणि कागद आहे का बघायचं, एवढंच होतं. अप्पाराव तेरा दिवस होते त्यानंतर."

"मग?"

"किल्ली परत टाकाखाली ठेवली," अण्णा म्हणाले, आणि टांगेवाल्याला सुलतानबाजारावरून घे म्हणून सांगितलं, कारण आईनं भाजी आणायला सांगितली होती.